चाफ्याचे मूळ गाव

पांढऱ्या चाफ्याइतके सर्वांचे होऊन बसलेले झाड आमच्या वसईच्या पट्ट्यात दुसरे क्वचितच असेल. देवळाच्या अंगणात तो असतो, चर्चच्या आवारात असतो, दर्ग्याच्या भिंतीलगत असतो. दफनभूमीत क्रुसांच्या ओळींवर फुले ढाळीत उभा असतो, आणि शाळेच्या फाटकाशीही असतो. थंडी पडली की पाने गाळून तो अगदी उघडा होतो. त्या वेळच्या त्याच्या ठोसर, बोथट फांद्या पाहिल्या तर या झाडात काही जीव उरला असेल असे नवख्या माणसाला वाटत नाही. मग उन्हे तापू लागतात आणि त्याच बोथट टोकांना पाच पाकळ्यांची, पोटात हळदीचा हात फिरवल्यासारखी फुले येतात. पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. त्यातली फुले कुणी देवाला नेतो, कुणी आईबापांच्या थडग्यावर ठेवतो, कुणी पोर एकात एक देठ अडकवून माळ करते. झाड कुणाला जात विचारीत नाही, आणि आपणही त्याला कधी गाव विचारलेले नसते.

हे गाव विचारण्याची पाळी अलीकडे आली आहे. सध्या देशी झाडांचा आग्रह सर्वत्र वाढतो आहे, आणि त्यामागे विचार आहे हे मी आरंभीच कबूल करतो. पावसाळ्याच्या तोंडावर शाळेच्या आवारात लावायच्या झाडांची एक यादी माझ्या हाती आली. वड, पिंपळ, करंज, उंडी, सीताअशोक, कदंब, बकुळ ही झाडे एका बाजूला. आणि 'परदेशी, लावू नयेत' म्हणून गुलमोहर, नीलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प ही दुसऱ्या बाजूला. त्या दुसऱ्या रांगेच्या शेवटी चाफा होता. यादी मी वर्गात वाचून दाखवली. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, चाफा किती वर्षे इथे राहिला म्हणजे इथला होईल?" या मुलाचे आईवडील पोटासाठी दूरच्या प्रांतातून आलेले आहेत, तो स्वतः मात्र इथेच जन्मला आणि माझ्याइतकेच मराठी बोलतो. प्रश्न झाडाचा होता, पण तो केवळ झाडाचा नव्हता हे वर्गातल्या शांततेवरून माझ्या ध्यानात आले. मास्तराने अशा प्रश्नाला वेळ मारून नेणारे उत्तर देऊ नये. म्हणून जरा पाल्हाळ पत्करून त्याचा विचार करायचे मी ठरवले.

प्रथम झाडाची हकीकत. पांढरा चाफा, ज्याला आपण खुरचाफा किंवा देवचाफा म्हणतो, तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे या मुलखातला. मेक्सिकोतील अझ्टेक लोक त्याला आपल्या भाषेत कावळ्याचे फूल म्हणत. निकाराग्वा देशाचे ते राष्ट्रीय फूल आहे. वनस्पतिशास्त्राच्या पोथीत त्याचे नाव प्लुमेरिया. शार्ल प्लुमिये नावाचा एक फ्रेंच संन्यासी (१६४६ ते १७०४) कॅरिबियन बेटांत हिंडून तिथल्या वनस्पतींची चित्रे आणि वर्णने करीत असे, त्याच्या स्मरणार्थ हे नाव पडले. युरोपात त्याला आणखी एक नाव मिळाले, तेही मोठे गमतीचे. इटलीतल्या फ्रांजिपानी नावाच्या सरदार घराण्याच्या नावे एक सुगंध प्रसिद्ध होता. हातमोज्यांना तो लावीत. अमेरिकेतल्या या फुलाचा वास त्या अत्तरासारखा वाटला म्हणून फुलालाच अत्तराचे नाव दिले. फूल मेक्सिकोचे, आणि नाव इटलीतल्या हातमोज्याचे!

अमेरिकेतून हे झाड जगभर पसरले ते गलबतांच्या वाटांनी. १५६५ पासून १८१५ पर्यंत अडीचशे वर्षे स्पेनची गलबते मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपाईन्सच्या मनिलाला ये-जा करीत होती. इकडे पोर्तुगीजांची गलबते ब्राझील, आफ्रिका, गोवा, मलाक्का अशी हिंडत होती. या दोन वाटांवर चांदी गेली, मसाले गेले, पाद्री गेले, गुलाम गेले, आणि त्यांच्याबरोबर झाडेही गेली. आज फिलिपाईन्समध्ये चाफ्याला कालाचुची म्हणतात, आणि तिथे तो दफनभूमीतला. जावा-मलायात तो कांबोजा, आणि तोही कबरींवरचा. बालीत तो देवळांतला. तिथल्या नित्याच्या नैवेद्यात तो असतो. सिंहलद्वीपात तो अरलिया, आणि बुद्धाच्या पायाशी वाहिला जातो. लाओस देशाने तर त्याला आपले राष्ट्रीय फूल केले. हवाई बेटांवर विल्यम हिलेब्रांड नावाच्या जर्मन वैद्याने तो १८६० साली नेला; आज हवाई म्हटले की पाहुण्याच्या गळ्यात पडणारी चाफ्याची माळ डोळ्यांपुढे येते. म्हणजे जिथे जिथे हे झाड गेले तिथे तिथे लोकांनी त्याला अगदी आतल्या जागी नेऊन बसवले, देवाजवळ किंवा मेलेल्या जिवलगांजवळ. परक्याला कुणी ओसरीवर बसवतो. याला सर्वांनी थेट देवघरात नेले.

असे का झाले असावे? मला वाटते, त्याचे कारण त्या झाडाच्या एका गुणात आहे. चाफ्याची फांदी तोडली की पांढरा चीक वाहतो. माळी ती फांदी लगेच जमिनीत रोवीत नाही. चीक सुकेपर्यंत आठवडा-दोन आठवडे सावलीत नुसती टाकून ठेवतो. पुष्कळदा अशी मुळावेगळी पडलेली फांदीच टोकाला पाने-फुले काढते. तोडल्यावरही जे फुलते ते मरणाच्या दारात लावावे, असे निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना एकमेकांना न विचारता सुचले असेल तर त्यात नवल नाही. एवढ्या दूरच्या समुद्रप्रवासाला हे झाड टिकले तेही याच गुणामुळे. ज्या झाडाला मुळांशिवाय काही काळ राहता येते, त्यालाच देशांतर साधते.

आता नावाचा विचार करू. संस्कृतातला चंपक तो हा नव्हे. चंपक म्हणजे आपला सोनचाफा, केशरी-पिवळा, लांब पाकळ्यांचा. तो याच देशाचा. आमच्या वसईच्या वाड्यांतून सोनचाफ्याची लागवड होते, आणि पहाटेच्या गाड्यांनी ती फुले दादरच्या बाजाराला जातात. त्या सोनचाफ्याच्या घराण्याशी खुरचाफ्याचे काडीचेही नाते नाही. खुरचाफा हा कण्हेरीच्या आणि तगरीच्या कुळातला. तरी लोकांनी पाहुण्याला घरातल्या जुन्या माणसाचे नाव दिले आणि नाते जोडून टाकले. लाओसमध्येही त्याला चंपाच म्हणतात. एखाद्या घरी सून आली की तिचे नाव बदलून तिला आपली करण्याची रीत होती, तसेच हे झाले. पण नाव दिल्याने मूळ पुसले जाते काय? अर्थातच नाही. उलट नावाची ही हकीकत एवढेच सांगते की आपलेपणा हा पुष्कळदा देणाऱ्याच्या मनात असतो; घेणारा त्यासाठी काही करतोच असे नाही.

मूळ शोधायला बसले की फार दूर जावे लागते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ ही सारी अमेरिकेची लेकरे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दारावर झेंडूचे तोरण असेल. तो झेंडूही मेक्सिकोचाच. आणि योगायोग असा की मेक्सिकोतले लोक आपल्या पितरांचा सण साधारण आपल्या दिवाळीच्याच सुमारास, नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला पाळतात आणि त्याच फुलांनी घरे सजवतात. फार लांब कशाला, आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ या मातीचे आहे, असा तो सरकारी दाखला. चिकूचे मूळ गाव मात्र चाफ्याच्याच शेजारचे, मेक्सिको आणि मध्य अमेरिका! दाखला देणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी बी कुठून आले हे पाहिले नाही. या मातीने, या हवेने आणि इथल्या बागाईतदारांच्या कष्टांनी त्या बियाण्यातून काय झाले, ते पाहिले. मला हा न्याय शहाणपणाचा वाटतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग प्रश्न सुटला. सारेच बाहेरचे, तेव्हा देशी-परदेशी हा भेदच खोटा. पण इतक्या लवकर समाधान मानणे बरे नाही. देशी झाडांचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू नीट मांडल्यावाचून तिला उत्तर देणे म्हणजे कोर्टात एकाच वकिलाला बोलू देण्यासारखे आहे.

ती बाजू अशी. झाड म्हणजे एकटे खोड नव्हे. वडाच्या अंगाखांद्यावर किती पाखरे, किडे, वटवाघळे जगतात! वडा-उंबरांचे परागीभवन करणारे चिलट वेगळे, करंजाच्या पानांवर वाढणारी फुलपाखरे वेगळी. हजारो वर्षांच्या सहवासातून हा संसार उभा राहिलेला असतो. बाहेरून आलेले झाड पाहुण्यासारखे सुंदर दिसते, पण त्याच्या घरी कुणाला जेवण मिळत नाही. चाफ्याच्या बाबतीत तर हे शब्दशः खरे आहे. चाफ्याच्या फुलात मध नाही. रात्री त्याचा वास वाढतो. त्या वासाने मोठे निशापतंग मधाच्या आशेने येतात, एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालीत हिंडतात, त्यांच्याकडून परागांची ने-आण होते, आणि शेवटी ते उपाशी परततात. देवघरातले हे फूल पतंगाच्या दृष्टीने चक्क ठकबाज आहे! आपल्याला पवित्र वाटणारी वस्तू साऱ्या सृष्टीला पवित्र वाटते असे नाही, हे या निमित्ताने ध्यानात आले तर बरे.

आणि यापेक्षा गंभीर आरोप आहे तो पसरण्याचा. घाणेरीचे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गोऱ्या साहेबांनी बागेच्या शोभेसाठी या देशात आणले. तिची रंगीत फुले कुणालाही आवडावीत अशीच आहेत. पण पाखरांनी तिची फळे खाल्ली, बी रानभर टाकले, आणि आज देशातल्या कितीतरी रानांत घाणेरीखाली दुसरे काही उगवत नाही. जलपर्णीही तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या मोहानेच इथे आली, आणि तिने तळी झाकून टाकली. खालच्या माशांना श्वास उरला नाही. या वनस्पतींना 'आता तुम्ही आमच्याच' असे म्हणून गळ्यात माळ घालणे हा औदार्याचा प्रकार नव्हे. तो ज्यांचा घास गेला त्या मुक्या जिवांवरचा अन्याय आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया शहराची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. आपण ज्याला नीलमोहर म्हणतो तो जॅकरांडा मूळचा अर्जेंटिना-बोलिव्हियाकडचा. प्रिटोरियात १८८८ साली त्याची दोन रोपे ब्राझीलहून आणून लावली गेली. पुढे शहरभर त्याची लागवड झाली, झाडांची संख्या सुमारे ७०,००० वर गेली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सारे शहर निळ्या-जांभळ्या रंगाने भरून जाऊ लागले. लोक शहराला जॅकरांडाचे शहरच म्हणू लागले. पण हे झाड शहराबाहेर ओढ्याकाठी, रानात आपण होऊन पसरू लागले, पाणी ओढू लागले. तेव्हा या शतकाच्या आरंभी तिथल्या कायद्याने त्याची गणना पसरणाऱ्या परक्या झाडांत केली. नवी लागवड थांबवली. मात्र शहरातली उभी झाडे तोडली नाहीत. ज्याला आपण मायेने वाढवले त्याच्यावर कुऱ्हाड नाही, पण ज्याच्यामुळे दुसऱ्यांचे पाणी जाते त्याला आणखी मोकळीकही नाही. या निवाड्यात माया आहे आणि हिशेबही आहे. आणि विलक्षण गोष्ट ही की ज्या अर्जेंटिना-बोलिव्हियातून हे झाड आले तिथे रानांत ते आज धोक्यात आहे, कारण शेतीसाठी त्याची जंगले तुटली. एकच झाड माहेरी निर्वासित आणि सासरी आक्रमक! मग गुन्हा झाडाचा म्हणावा की ज्याने इथले तोडले आणि तिथले लावले त्या माणसाचा?

या दोन बाजू समोरासमोर ठेवल्या की माझ्या मते एक गोष्ट उघड होते. 'कुठून आले' हा प्रश्न 'काय करते' या प्रश्नाच्या जागी बसवला की न्याय चुकतो. घाणेरी आणि चाफा दोघेही अमेरिकेचे. परंतु घाणेरी आपण होऊन पसरते आणि शेजाऱ्याला उठवते, तर चाफ्याला आपल्याकडे क्वचितच शेंग धरते. आपल्याकडचा चाफा वाऱ्याने किंवा पाखराने पेरलेला नसतो; कुणा ना कुणा माणसाने फांदी आणून, चीक सुकवून, खड्डा खणून तो लावलेला असतो. मेक्सिकोहून वसईपर्यंत हे झाड हातोहात आले आहे. त्याच्या पसरण्यात त्याचा हावरेपणा नाही. आहे ती माणसांची आवड. तेव्हा चाफ्याविषयी जो काही जाब विचारायचा तो चाफ्याला नव्हे, लावणाऱ्याला विचारावा. आणि तो जाब असा असेल, की तू चाफा लावलास हे ठीक, पण चाफाच चाफा लावून पाखरांची जागा खाल्लीस का? एक चाफा लावताना चार करंज, एक वड लावलास का?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. झाडांवरून माणसांकडे जाताना आपण फार बेसावधपणे जातो, असे मला वाटते. 'परके', 'पसरणारे', 'आक्रमक' हे शब्द वनस्पतिशास्त्रात उपयोगी आहेत. पण ते माणसाला लावताना एक फरक विसरला जातो. झाडाला आपण काय करतो हे कळत नाही आणि त्याला ते बदलता येत नाही. माणसाला कळते, आणि बदलताही येते. घाणेरीला कितीही समजावले तरी ती शेजाऱ्याला जागा देणार नाही. माणूस देऊ शकतो. म्हणून माणसाचा निवाडा जातीवरून वा मूळ गावावरून करणे म्हणजे त्याला झाडाच्या पायरीवर उतरवणे आहे. झाडाला वर्षे मोजून इथला म्हणता येईल कदाचित. माणसाचे वय त्याच्या इथल्या वर्षांनी नव्हे, इथे पत्करलेल्या जबाबदारीने मोजावे.

आमचा मुलूख या प्रश्नावर बोलायला लायक आहे, कारण इथे कोण आले नाही? नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बौद्ध स्तूप उकरला. ज्या बंदरात परदेशी व्यापारी उतरत, त्या गावाने परका हा शब्द फार जपूनच वापरला पाहिजे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून जिंकली. या दोनशे वर्षांत जुलूम झाले, धर्मांतरे झाली. ते झाकण्याचे कारण नाही. पण पोर्तुगीज गेले आणि मागे जे ख्रिस्ती राहिले ते पोर्तुगीज नव्हते. ते इथलेच वाडीवाले, इथलेच कोळी होते. सामवेदी बोलत होते, वाडवळी बोलत होते, केळी लावीत होते, जाळी टाकीत होते. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत टांगल्या. नाशकातल्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यांपैकी एक म्हणून सांगतात. ती घंटा वाजते तेव्हा तिच्या नादात पोर्तुगीज आणि मराठा असे दोन भाग कुणाला ऐकू येतात काय?

तरीदेखील आमच्यात कुणाला परके ठरवण्याची हौस अधूनमधून उफाळते. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूने हे पद कसे भूषवावे असा आक्षेप काहींनी घेतला होता. आता पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली. विहिरींचे पाणी टँकरांतून विकले जाऊ लागले, वाड्या बुजू लागल्या. तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि तिच्या पुढच्या रांगेत हे फादर होते. ज्यांना परके म्हटले ते या मातीच्या विहिरींसाठी रस्त्यावर उतरले. आणि ज्यांचे सात पिढ्यांचे सातबारे होते अशांपैकी काहींनी त्याच विहिरी विकल्या. २०२४ साली फादर गेले. या दोघांत इथला कोण, हे ठरवायला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

मात्र या ठिकाणी दुसऱ्या बाजूच्या एका लबाडीपासूनही सावध राहिले पाहिजे. 'इथे सारेच बाहेरून आलेले आहेत' हे वाक्य उदार माणूसही बोलतो आणि जागा लाटणाराही बोलतो. सारेच उपरे, तेव्हा कुणाचाच हक्क नाही. तेव्हा ज्याच्याजवळ पैसा त्याची जमीन, असा त्याचा हिशेब असतो. २००९ साली वसई-विरारची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १२ लाखांवर गेली होती. एवढी माणसे आली ती बहुतेक पोटासाठी आली, आणि त्यांचा दोष नाही. पण तुंगारेश्वराच्या पायथ्याचा वारली आणि कातकरी या सर्वांच्या आधीचा. त्याला 'तूही कधीतरी कुठून तरी आलाच असशील' असे म्हणून त्याच्या झोपडीवरून रस्ता नेणे हा विचार नव्हे, तो विचाराचा वेष घेतलेला लोभ आहे. आधी आलेल्याला नंतरच्याला हाकलण्याचा हक्क नाही हे खरे. तसेच नंतर आलेल्याला आधीच्याला उठवण्याचा हक्क नाही हेही तितकेच खरे. यांतले एकच वाक्य बोलणारा माणूस बहुधा काहीतरी लपवीत असतो.

मग आपले होण्याची कसोटी कोणती? मला ती अशी दिसते. जन्म हा योगायोग आहे. त्याचे श्रेय घेण्यासारखे काही नाही आणि त्याची लाज बाळगण्यासारखेही काही नाही. मुक्कामाची वर्षे हीही कसोटी नव्हे, कारण घाणेरीलाही आता दोनशे वर्षे झाली. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो ती आटू नये यासाठी जो काही करतो, आपल्या सावलीत शेजाऱ्याला उगवू देतो, आणि इथले दुःख 'त्यांचे' न म्हणता 'आमचे' म्हणून बोलतो, तो इथला. ही कसोटी बाहेरून आलेल्याला सोपी नाही. पण इथे जन्मलेल्यालाही ती सोपी नाही, आणि म्हणूनच ती न्याय्य आहे. जी कसोटी फक्त दुसऱ्याला लावायची असते, ती कसोटी नसून कुंपण असते.

त्या मुलाला मी एवढे मोठे व्याख्यान दिले नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर जगाचा नकाशा टांगून चाफा, चिकू, मिरची आणि झेंडू कुठून कसे आले ते वर्गाला दाखवले. घाणेरीचीही गोष्ट सांगितली, कारण अर्धी गोष्ट सांगून मुलांना उदार करणे म्हणजे त्यांना फसवणे होय. मग म्हणालो, "किती वर्षांनी, हे झाडालाच विचारावे लागेल. माणसाला मात्र वर्षे थांबावे लागत नाही. तो आज ठरवू शकतो." यादीत आम्ही थोडा बदल केला. देशी झाडे सारी ठेवली, कारण पाखरांचा हक्क आपल्या आवडीपेक्षा मोठा आहे. सुबाभूळ आणि गिरिपुष्प वगळलेलेच राहू दिले. फाटकाजवळ चाफ्याच्या एका फांदीला जागा ठेवली, आणि त्या फांदीला पाणी घालण्याचे काम ज्याने प्रश्न विचारला त्याला नव्हे, तर ज्यांनी तो विचारला नव्हता त्या मुलांना दिले. परक्याला आपले करण्याचे काम परक्यानेच करायचे असते, ही समजूत त्यांच्या मनात राहू नये, एवढाच त्यात हेतू होता.